अंगणात जिंको लावायचा तर: निवड, लागवड आणि पहिली तीन वर्षं

जिंको हा मोठा होणारा वृक्ष एकदा रुजला की त्याला माळ्याची फारशी गरज उरत नाही. कीड जवळजवळ लागत नाही, शहरातला धूर तो सोसतो, उणे ३० अंश सेल्सिअसच्या थंडीतही तग धरतो. तरीही अंगणात लावलेले कितीतरी जिंको वर्षानुवर्षं खुरटलेले दिसतात, आणि काही तर पंचवीस वर्षं वाढवल्यावर घरच्यांनाच तोडावेसे वाटतात. याची कारणं बहुतेक वेळा सुरुवातीचीच असतात. बियांपासून केलेलं रोप घेतलं, खड्डा खोल झाला, कुंडीत गोल फिरलेली मुळं तशीच पुरली, पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी कमी पडलं. म्हणून इथे निवड, लागवड आणि पहिली तीन वर्षं यांबद्दलच जास्त लिहिलं आहे.

महिने आणि मापं अमेरिकेच्या ईशान्य भागासाठी दिली आहेत: न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क. तिथे घरासमोर थोडी जमीन असलेली मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत आणि जिंको रस्तोरस्ती दिसतो. इंग्लंड-जर्मनीत महिने थोडे मागेपुढे होतील, बाकी पद्धत तीच.

हे झाड कुठे येतं, कुठे येत नाही

जिंको मूळचा चीनचा. झेजियांग प्रांतातल्या तिआनमू पर्वतात आणि नैऋत्य चीनमधल्या डालोउ डोंगररांगांत त्याची जुनी वस्ती आहे. तिथून तो कोरिया-जपानच्या मंदिरांच्या आवारात गेला आणि अठराव्या शतकात युरोपात पोचला. लंडनच्या क्यू उद्यानात १७६२ मध्ये लावलेला जिंको आजही उभा आहे. या सगळ्या प्रदेशांत एक गोष्ट समान आहे: खरा हिवाळा. जिंको पानगळीचा वृक्ष आहे. काही महिने थंडीत पूर्ण झोपल्याशिवाय तो वसंतात नीट फुटत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने थंडीनुसार जे पट्टे पाडले आहेत, त्यांतल्या ३ ते ८ क्रमांकाच्या पट्ट्यांत तो चांगला वाढतो. न्यू जर्सीचा बहुतेक भाग ६ आणि ७ मध्ये येतो, म्हणजे या पट्ट्यांच्या आतच.

गावच्या घरी पुण्यात किंवा नाशकात एक लावू का, असं हमखास विचारलं जातं. लावू नये. डिसेंबरच्या रात्री तिथे गार असल्या तरी दुपारी पारा २८-३० वर जातो, आणि झाडाला हवी तशी सलग थंडी मिळत नाही. पुढे एप्रिलचं कोरडं ऊन पानांच्या कडा जाळतं. महाबळेश्वरची थंडीसुद्धा त्याला पुरत नाही, आणि वर तिथला पाऊस मुळं कुजवतो. भारतात त्याची जागा हिमालयाच्या अंगाला आहे. देहरादून, नैनिताल, दार्जिलिंग इथे जुने जिंको आहेत.

जागा निवडताना झाडाची आजची उंची मनातून काढून टाका. पूर्ण वाढीचा वाण ५० ते ७० फूट उंच आणि ३० ते ४० फूट रुंद होतो. त्याला सावकाश का होईना, पण तेवढं व्हायचंच असतं. घराच्या भिंतीपासून २० ते २५ फूट, ड्राइव्हवेपासून निदान १० फूट अंतर ठेवा. वर विजेच्या तारा नकोत. अरुंद, उभट वाण असेल तर भिंतीपासून १२ फूट चालतं. दिवसाला निदान सहा तास थेट ऊन हवंच. सावलीत जिंको मरत नाही, पण एकाच बाजूला काड्या काढतो आणि शरद ऋतूतला तो पिवळाधमक रंग येत नाही. अमेरिकेत खणण्याआधी काही दिवस ८११ ला फोन करा. गॅस, वीज, केबल यांच्या लाइनी कुठून गेल्या आहेत ते फुकट आखून देतात. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली हिरवी पट्टी बहुधा टाउनशिपच्या अखत्यारीत असते, तिथे परवानगी घेतल्याशिवाय कुदळ मारू नका.

माती कशीही चालते: रेताड, चिकण, थोडी आम्ल, थोडी अल्कधर्मी. चालत नाही ती फक्त पाणी साचणारी. निचरा आधी तपासून घ्या. एक फूट खोल खड्डा काढा, पाण्याने भरा, ते जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि पट्टी लावून बसा. पाण्याची पातळी तासाला एक इंच तरी उतरली पाहिजे. त्याहून सावकाश उतरत असेल तर दुसरी जागा शोधा किंवा ८-१० इंच उंचीचा पसरट उंचवटा करून त्यावर लावा. खड्ड्याच्या तळाशी खडी टाकून निचरा सुधारत नाही. चिकणमातीतल्या खड्ड्यात पाणी साचतंच, खडीमुळे ते फक्त दिसेनासं होतं.

नर की मादी

जिंकोत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. मादीला बिया लागतात आणि बीवर पिवळसर नारिंगी गर असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो गर जमिनीवर पडून पायाखाली चिरडला की ब्युटिरिक आम्लाचा वास सुटतो. खवट लोण्याला आणि ओकारीला जो वास येतो तोच हा. पूर्ण वाढलेली मादी एका मोसमात पादचारी मार्ग भरून टाकते. बुटांबरोबर वास घरात येतो, आणि ओला गर निसरडा असल्याने माणसं घसरतात.

अडचण अशी की लहान रोपाकडे पाहून नर-मादी कळत नाही. नराच्या फांद्या उभ्या असतात, मादीच्या पानाला खाच नसते, असं पुष्कळ सांगितलं जातं. त्यावर विसंबू नका. पानाची खाच झाडाच्या लिंगावर अवलंबून नसते, पान कुठल्या फांदीवर आलं आहे त्यावर असते. एकाच झाडाच्या लांब, नव्या वाढीवर मधोमध खोल चिरलेली पानं असतात आणि आखूड गाठीसारख्या फांद्यांवर जवळजवळ अखंड, हंसराजच्या पानासारखी पंख्याच्या आकाराची. बियाच्या झाडाला पहिला बहर यायला २० ते ३५ वर्षं लागतात, तेव्हा कुठे उलगडा होतो. तोवर झाड घरापेक्षा उंच झालेलं असतं.

म्हणून अंगणासाठी नेहमी नर झाडाचं कलम घ्या, तेही नाव असलेल्या वाणाचं. पाटीवर नुसतं ‘जिंको बायलोबा’ लिहिलं असेल तर ते बियाचं रोप समजा. स्वस्त असतं, पण शक्यता निम्मी-निम्मी. कलमाची गाठ बुंध्यावर, मातीपासून चार-सहा इंच वर, किंचित वाकलेली किंवा जाड झालेली दिसते. ती गाठ दिसत नसेल आणि विक्रेताही सांगू शकत नसेल, तर ते रोप घेऊ नका. कलमी झाडाच्या गाठीखालून पुढे कधी फुटवा आला तर तो लगेच मुळापासून काढा. तो खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचा असतो, आणि खुंट बहुधा बियाचा असल्याने त्याचं लिंग कुणालाच माहीत नसतं. नराच्या एखाद्या फांदीला बिया धरल्याच्या नोंदी आहेत, पण तो प्रकार क्वचित. तसं झालं तर तेवढी फांदी कापायची.

वाणांची यादी लांब आहे, पण साध्या अंगणाला चार-पाच नावं पुरतात. ऑटम गोल्ड पसरट, डौलदार, ४० ते ५० फुटांचा. जागा मोठी असेल तर हाच घ्यावा, पानगळीच्या आधीचा त्याचा रंग फार भरघोस असतो. प्रिन्स्टन सेंट्री न्यू जर्सीतल्याच प्रिन्स्टन नर्सरीजमधून आला. उंच आणि निमुळता असल्याने दोन घरांमधल्या जागेत बसतो. मॅग्यारही उभट, पण फांद्यांची मांडणी अधिक सारखी. लहान अंगणाला स्काय टॉवर किंवा जेड बटरफ्लाय. कुंडीला मरिकेन किंवा ट्रोल, हे दोन्ही बुटके आणि गच्च. पांढरे-पिवळे पट्टे असलेला वाण घेतलात तर एक लक्षात ठेवा: साधी हिरवी फांदी दिसली की ती तिथल्या तिथे कापावी लागते. हिरव्या फांदीची ताकद जास्त असते, ती दोन-तीन वर्षांत सगळं झाड हिरवं करून टाकते.

रोप कसं पारखायचं

मोठं झाड आणलं की लवकर सावली मिळेल, हा हिशोब जिंकोत चुकतो. बुंधा एक ते दीड इंच जाडीचा, उंची सहा ते आठ फूट, सात ते पंधरा गॅलनच्या कुंडीतलं रोप सगळ्यात बरं. तीन इंच जाडीचं, गोणपाटात बांधलेलं झाड शेतातून उपटताना बरीच मुळं गमावून बसतं आणि तीन-चार वर्षं जागच्या जागी थांबतं. तेवढ्यात लहान रोप त्याला गाठतं.

शेंडा एकच आणि सरळ असावा. जिंकोचं कोवळं झाड विरळ, हातपाय फेकलेलं, थोडं कुरूपच दिसतं. त्यामुळे फांद्या कमी आहेत म्हणून रोप नाकारू नका. पण शेंडा मोडलेला असेल तर नाकारा. बुंध्याच्या सालीवर जखम नको. मग विक्रेत्याला सांगून रोप कुंडीतून अर्धं उचलून बघा. हुंडीच्या, म्हणजे मुळांसकट असलेल्या मातीच्या गोळ्याच्या, कडेला बोटाएवढी जाड मुळं गोल फिरलेली असतील तर दुसरं मागा. सुतळीएवढी बारीक मुळं फिरलेली असतील तर हरकत नाही, ती लावताना सोडवता येतात.

लागवड

कुंडीतलं रोप मार्चअखेर ते मेच्या सुरुवातीपर्यंत, पानं फुटायच्या आत लावावं. पानगळीनंतर, जमीन गोठायच्या आधीही लावता येतं. गोणपाटातलं झाड मात्र वसंतातच लावा. जिंकोची मुळं जाड आणि मांसल असतात. तुटलेली मुळं थंड मातीत नवी फूट काढत नाहीत आणि हिवाळाभर नुसती बसून राहतात.

खड्डा बशीसारखा पसरट काढा: हुंडीच्या तिप्पट रुंद, आणि खोली हुंडीएवढी किंवा इंचभर कमीच. लागवडीतली सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. बुंधा जिथे मुळांकडे उतरताना रुंद होतो, ती जागा जमिनीच्या वर दिसली पाहिजे. नर्सरीत कुंडी भरताना ती बऱ्याचदा दोन-तीन इंच मातीखाली गेलेली असते. म्हणून आधी हुंडीच्या वरची माती बोटांनी उकरा, पहिलं जाड मूळ कुठे सुटतं ते शोधा आणि खोली तिथून मोजा. कुंडीच्या काठापासून मोजू नका. खोल लावलेलं झाड लगेच मरत नाही, तेच फसवं आहे. सात-आठ वर्षं पानं लहान, वाढ वर्षाला दोन इंच, आणि मग कधीतरी बुडाशी साल कुजलेली सापडते.

हुंडी खड्ड्यात ठेवण्याआधी बाजूची आणि तळाची गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करा. मोकळी होत नसतील तर धारदार सुरीने हुंडीला चार बाजूंनी एकेक इंच खोल उभी चीर द्या. जीव कासावीस होतो, पण कापलेलं मूळ तिथून बाहेरच्या बाजूला फुटतं. न कापलेलं पंधरा वर्षांनी जाड होऊन बुंध्याचाच गळा आवळतं. गोणपाटातलं झाड खड्ड्यात सरळ उभं राहिल्यावर वरची सुतळी, गोणपाट आणि तारेची जाळी निदान अर्ध्यापर्यंत कापून काढा. प्लास्टिकची दोरी तर पूर्ण काढा, ती कधीच कुजत नाही.

खड्ड्यातून निघालेली मातीच परत भरा. कंपोस्ट, शेणखत, पीट मॉस खड्ड्यात घालायचा मोह होतो, तो आवरा. खड्डाभर मऊ, सकस माती मिळाली की मुळं तिथेच घुटमळतात, बाहेरच्या कठीण जमिनीत शिरत नाहीत. शिवाय सेंद्रिय माल कुजून बसला की झाडही खाली बसतं, म्हणजे पुन्हा खोल लागवड. अर्धी माती भरली की एक बादली पाणी ओता, पोकळ्या बसू द्या, मग उरलेली भरा. पायाने धोपटू नका. हुंडीच्या कडेच्या थोडं बाहेर तीन इंच उंचीचं आळं करा आणि ३५-४० लिटर पाणी सावकाश सोडा.

वरून लाकडी भुशाचं किंवा सालीच्या तुकड्यांचं आच्छादन घाला, दोन-तीन इंच जाड, तीन-चार फूट व्यासाचं. बुंध्याभोवती चार इंच जागा मोकळी हवी. अमेरिकेत रस्त्याच्या कडेला झाडांच्या बुंध्याला टेकवून केलेले आच्छादनाचे ढीग सर्रास दिसतात. ती पद्धत उचलू नका. त्यात साल सतत ओली राहते आणि हिवाळ्यात उंदीर आत बसून साल कुरतडतात. आधाराची काठी वाऱ्याची जागा असेल तरच द्या, रुंद पट्ट्याने, सैल, बुंधा थोडा हलेल इतपत. वर्षभरात ती काढायचीच. हलणारा बुंधा जाड होतो, बांधलेला बारीक राहतो.

पाणी

तीन वर्षं जिंको मुख्यतः जमिनीखाली काम करतो. वर वर्षाला सहा-आठ इंच वाढ दिसली तरी काळजी करू नये. नीट रुजल्यावर वर्षाला फूट-दीड फूट वाढ धरतो. या काळात त्याला एकच गोष्ट नियमित लागते, ती म्हणजे पाणी.

बुंध्याच्या जाडीच्या दर इंचामागे एका वेळी ३५-४० लिटर, असा हिशोब धरा. लावल्यावर पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी, त्यानंतर पहिल्या मोसमात पानगळीपर्यंत आठवड्यातून एकदा. आठवड्याला इंचभर पाऊस झाला असेल तर ती पाळी सोडा. दुसऱ्या वर्षी दहा-बारा दिवसांनी, तिसऱ्या वर्षी दोन आठवडे कोरडे गेले तरच. आकड्यांपेक्षा बोट जास्त खरं सांगतं. आच्छादन बाजूला करून चार इंच खोल माती चाचपा. वाफसा असेल, म्हणजे मुठीत दाबल्यावर गोळा होतो पण हाताला पाणी लागत नाही, तर थांबा.

पहिल्या उन्हाळ्यात एक बारकावा नेहमी निसटतो. कुंडीतल्या रोपाची हुंडी हलक्या, भुसभुशीत मिश्रणाची असते. भोवतालची जमीन ओली असतानाही ती आतून कोरडी पडू शकते. म्हणून पहिली काही महिने पाणी आळ्यात कडेला नाही, थेट हुंडीवर सोडा. हिरवळीचे स्प्रिंकलर झाडाच्या कामाचे नाहीत. रोज पाच मिनिटांच्या शिडकाव्याने वरचे दोन इंच भिजतात आणि मुळं तिथेच वर राहतात. खोडाभोवती गुंडाळायच्या पाण्याच्या पिशव्या सोयीच्या, पण पाणी संपल्यावर त्या काढून ठेवा. नाहीतर खोडाची साल भिजत राहते.

खत पहिल्या वर्षी अजिबात नको. पुढेही वाढ बरी असेल तर नको. अगदीच मंद वाटली तर एप्रिलमध्ये सावकाश विरघळणारं संमिश्र खत, पाकिटावर दिलेल्या मात्रेच्या निम्मं. जुलैनंतर नत्र देऊ नये. उशिरा आलेली कोवळी फूट पहिल्या कडाक्याच्या थंडीत जळते.

छाटणी

जितकी कमी तितकी बरी. हिवाळा संपता संपता, कळ्या फुगण्याआधी, मोडलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि शेंड्याशी स्पर्धा करणाऱ्या फांद्या काढाव्यात. दोन शेंडे झाले तर कमजोर असेल तो काढा. हे काम पहिल्या पाच वर्षांत कात्रीने होतं, पुढे करवत लागते. फांदीवर ज्या आखूड, गाठीगाठीच्या काड्या दिसतात त्या वाळलेल्या समजून खुडू नका. वर्षाला त्या जेमतेम मिलिमीटरभर वाढतात, पण झाडाची बहुतेक पानं त्यांच्यावरच येतात. विरळ झाड दाट करण्यासाठी वरून छाटणं हा उपाय जिंकोवर चालत नाही. शेंडा छाटला की झाड वर्षं वाया घालवतं आणि नवा शेंडा वाकडा येतो. दाटपणा दहा-पंधरा वर्षांनी आपोआप येतो, तेवढा धीर धरावा.

काय बिघडतं आणि का

पानांच्या कडा जुलै-ऑगस्टमध्ये तपकिरी होऊन वाळल्या तर तो बहुधा रोग नसतो. पान जितकं पाणी उडवतं तितकं मुळं पुरवू शकत नाहीत, इतकंच. नव्या झाडात कारण पाण्याची ओढ. जुन्या झाडात हल्ली झालेलं खोदकाम, फरशी किंवा मातीवरून गेलेली जड गाडी. रस्त्यालगतच्या झाडात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ. मीठ असेल तर मार्चमध्ये दोन-तीन वेळा भरपूर पाणी सोडून माती धुऊन काढा. बुरशीनाशक फवारून यातलं काहीच सुधारत नाही.

सगळी पानं फिकट पिवळी आणि लहान, माती सतत ओली, असं असेल तर मूळकूज समजा. पाणी तोडा, आच्छादन बाजूला करा, बुंधा कुठे रुंद होतो ते उकरून बघा. झाड खोल लागलं असेल आणि दोन-तीन वर्षांचंच असेल, तर पुढच्या वसंतात उचलून वर लावणं हाच खरा इलाज.

एप्रिलअखेरीस पानं फुटल्यावर दव गोठलं तर कोवळी पानं एका रात्रीत काळी पडून लोंबतात. घाबरून काही करू नका. तीन ते पाच आठवड्यांत दुसरी फूट येते, थोडी विरळ. तोवर पाणी नियमित ठेवा, खताचा हात आखडता ठेवा.

नव्याने लावलेला जिंको मे संपला तरी फुटत नाही, तेव्हा लोक तो मेला समजून उपटतात. आधी नखाने कोवळ्या फांदीची साल किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर झाड जिवंत आहे. काही झाडं पहिल्या वर्षी जूनपर्यंत थांबतात. फांदी वाळलेली निघाली तर खाली बुंध्यावर खरवडा. जिंकोच्या बुडाशी फुटण्याची ताकद दांडगी असते. १९४५ मध्ये हिरोशिमात अणुबॉम्बच्या स्फोटाच्या जागेपासून एक-दोन किलोमीटरवरचे जिंको जळूनही पुन्हा फुटले. जपानमधल्याच कामाकुराच्या त्सुरुगाओका हाचिमान मंदिरातला प्रचंड जिंको मार्च २०१० मधल्या वादळात उन्मळला, आणि उरलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटवे आले. फक्त कलमी झाड असेल तर फूट गाठीच्या वरून आली आहे ना, ते पाहा.

ससे आणि उंदीर यांच्यासाठी पहिली चार-पाच वर्षं बुंध्याभोवती पाऊण मीटर उंच तारेची जाळी लावा, बुंध्याला न टेकवता, तळाशी दोन इंच मातीत गाडून. हरणं फिरत असतील तर जाळी पाच फुटांची. गवत कापायच्या दोरीच्या यंत्राने साल सोलली जाणं हा मात्र या सगळ्यांहून मोठा धोका आहे. आच्छादनाचं गोल आळं राखलंत की यंत्र बुंध्याजवळ जातच नाही.

शरद ऋतूत पहिला कडक गारठा पडला की जिंको जवळजवळ सगळी पानं एक-दोन दिवसांत, कधी एका सकाळीच, टाकतो. हे त्याचं नेहमीचं आहे. गारठा रंग येण्याआधीच पडला तर पानं हिरवीच गळतात. तेही नुकसान नाही. पानं जाड, मेणचट, सावकाश कुजणारी असल्याने हिरवळीवर थर बसू देऊ नका, खालचं गवत गुदमरतं. यंत्राने बारीक करून कंपोस्टमध्ये घाला. फुटपाथवरची त्याच दिवशी झाडा, ओली झाली की फार निसरडी होतात.

बियांपासून

मोठी जागा असेल, नर-मादीची फिकीर नसेल, किंवा बोन्साय करायचं असेल, तर बियांपासून झाड करण्यात मौज आहे. पडलेल्या बिया नोव्हेंबरात गोळा करा, पण हातमोजे घालूनच. गरात जिंकोलिक आम्लं असतात. काजूच्या टरफलातल्या तेलात असणाऱ्या आम्लांच्याच जातकुळीतली ती आहेत, आणि बिब्बा उतावा तशी ती अंगावर उततात: दोन दिवसांनी खाज, फोड, सूज. ज्यांना बिब्बा किंवा आंब्याचा चीक सोसत नाही त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावं. बादलीत पाणी घेऊन गर चोळून काढा, तीन-चार पाण्यांनी धुवा. तरंगणाऱ्या बिया पोकळ असतात, त्या टाका. धुतलेल्या बिया पूर्ण वाळू देऊ नका.

ताजी बी लगेच उगवत नाही. परागण एप्रिल-मेमध्ये होतं, पण फलन उन्हाळा सरताना. त्यामुळे बी पडते तेव्हा आतला अंकुर बहुतेक वेळा अर्धवटच असतो. म्हणून ओलसर वाळूत मिसळून आधी सहा ते आठ आठवडे घरातल्या साध्या तापमानाला, मग आठ ते दहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवा. मार्चअखेरीस इंचभर खोल पेरा. सोटमूळ सरळ खाली जातं, म्हणून कुंडी निदान दहा इंच खोल हवी. महिना-दीड महिन्यात कोंब दिसतो. पहिलं वर्ष अर्धवट ऊन आणि पहिला हिवाळा न गोठणाऱ्या थंड गॅरेजमध्ये.

त्याच बियांचा आतला मगज जपान-चीनमध्ये शिजवून खातात, म्हणून इथेही लोक पार्कमधून पिशव्या भरून नेतात. कच्ची बी खाऊ नये. तिच्यातला विषारी घटक शिजवल्यानेही पूर्ण जात नाही आणि जास्त खाल्ल्यास झटके येऊ शकतात. लहान मुलांना तर शिजवलेलीही देऊ नये. पानांचा घरी काढा करण्याचाही मोह नको. औषधी अर्कातून जिंकोलिक आम्लं काढून टाकलेली असतात, अंगणातल्या पानात ती तशीच असतात. आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तयार अर्कही घेऊ नये.

कुंडीत

बुटका वाण १६ ते २० इंच व्यासाच्या कुंडीत वर्षानुवर्षं छान राहतो. दोन भाग चांगलं कुंडीमिश्रण आणि एक भाग परलाइट घ्या. कुंडीला मोठी भोकं हवीत. उन्हाळ्यात रोज पाहून पाणी द्या. दर तीन वर्षांनी, कळ्या फुगताना, बाहेर काढून मुळांचा कडेचा इंचभर थर कापा आणि ताजी माती भरा. हिवाळ्यात फांद्यांना थंडी सोसते, पण कुंडीतल्या मुळांना जमिनीची ऊब नसते. उणे ८-१० च्या खाली पारा जाणार असेल तर कुंडी थंड, बिनहीटरच्या गॅरेजमध्ये हलवा आणि महिन्यातून एकदा थोडं पाणी द्या. घरात, उबेत ठेवू नका. जानेवारीतच फुटेल आणि मार्चमध्ये बाहेर काढल्यावर जळेल. मातीच्या आणि चिनी मातीच्या कुंड्या जिंकोबरोबर जास्त फुटतात. त्याची मांसल मुळं पाण्याने भरलेली असतात आणि गोठताना फुगतात. बाहेरच ठेवायची असेल तर लाकडी किंवा जाड प्लास्टिकची, वर रुंद आणि खाली निमुळती कुंडी घ्या, म्हणजे फुगलेली हुंडी वर सरकते आणि कुंडी वाचते.